दाराला आतून मूठ नाही

४ जून

मोठ्या मावशी,

पाया पडते, कागदावरून पडता येतं तेवढं. फोनवर तू "काय? काय?" करतेस, मी ओरडते, आणि मग शेजारीण विचारते भांडण कोणाशी चाललंय. त्यापेक्षा पत्र बरं. छापखान्याच्या मशीननी तुझे कान खाल्ले पण डोळे ठेवले, हे माझं नशीब.

मला इंग्रजी शिकव.

हसू नको. आठवीत शाळा सुटली तेव्हा मला येस, नो आणि थँक्यू यायचं. शर्टांच्या कारखान्यात आल्यापासून टार्गेट, बंडल आणि रिजेक्ट आलं. एवढ्यावर बोलता येत नाही.

झालंय असं, की आमचे शर्ट विकत घेऊन बाहेरदेशी विकणारे पाहुणे सप्टेंबरात कारखाना बघायला येणार आहेत. त्यांच्याशी दोन वाक्यं इंग्रजीत बोलेल अशी एक कामगार बाई साहेबांना हवीय. आमच्या सुपरवायझरबाईंनी, म्हणजे शिट्टीनं, विचारलं कोण बोलेल. तिच्या गळ्यात शिट्टी असते म्हणून ती शिट्टी. सगळ्या खाली बघायला लागल्या. माझा हात वर गेला. मीच त्या हाताकडे बघत राहिले.

जी बोलेल तिला चेकिंगच्या टेबलावर घेणार आहेत. ते टेबल वरच्या मजल्यावर आहे, पाळणाघराच्या अगदी समोर. माझी गुंडी तिथे असते दिवसभर. मी खाली काजाच्या मशीनवर. टेबल मिळालं तर तिचा आवाज तरी कानावर पडेल. मला दुसरं काही नको.

गुंडीचे बाबा ट्रक घेऊन गेलेत, कधी येतील ते त्यांनाही माहीत नसतं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, काजांना इंग्रजी कळतं होय? गुंडी मजेत आहे. पाळणाघर छान आहे. काळजी करू नको.

तुझी धाकटी


११ जून

धाकटे,

तुझं पत्र लाल पेन घेऊन वाचलं. सवय आहे, जात नाही. वेलांट्या तू मीठ भुरभुरल्यासारख्या टाकतेस. चुका लाल करून पत्राची नक्कल सोबत पाठवतेय.

शिकवीन. लोक "माय नेम इज" पासून सुरू करतात, आपण "नाही"पासून करू. मी आयुष्यभर दोन्ही भाषांची प्रुफं वाचली. भलीभली शिकलेली माणसं इंग्रजीत आपटतात ती नकारावर. का, तर आपण मराठीत नाहीवर नाही रचतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. "तू जेवत नाहीस तोवर मी उठणार नाही." दोन नाही, आणि दोन्ही गोड. इंग्रजी कंजूष आहे. एका कामाला एकच नाही.

तर "अनलेस". म्हणजे "तसं झाल्याशिवाय". त्याच्या पोटात एक नाही आधीच आहे. वरून दुसरं कोंबलंस तर पोट फुटेल.

मग "नायदर" आणि "नॉर". हेही नाही आणि तेही नाही. मोज्यांची जोडी समज, एक आला की दुसरा हवाच. नायदरमागे "ऑर" बसवलेला दिसला की मला अजून चक्कर येते.

शेवटचा "लेस्ट". आपलं "न जाणो". न जाणो पाऊस आला तर, म्हणून छत्री घेतो ना, तसा. जरा घाबरट शब्द आहे, आताशा कोणी वापरत नाही. पण तोंडओळख असू दे. त्याच्या मागे "शुड" लावायचं.

आता या तिघांना घेऊन तुझ्या कामावरची वाक्यं कर. इंग्रजी आपल्याच अक्षरात लिही, स्पेलिंगची भानगड मागाहून बघू. आणि ओळीत अंतर सोड, लाल शाईला जागा लागते.

मोठी मावशी


२१ जून

मावशी,

केली वाक्यं. जेवणाच्या सुट्टीत कॉलरवालीला वाचून दाखवली. ती माझ्या शेजारच्या मशीनवर शर्टाच्या कॉलरी लावते. तिचा मुलगाही वर पाळणाघरात असतो. ती म्हणाली, वाच वाच, मला कळत नाही पण तुझं तोंड बघायला मजा येते.

पहिलं. "आय डू नॉट ड्रिंक वॉटर अनलेस द व्हिसल डज नॉट ब्लो." शिट्टी वाजल्याशिवाय जागचं उठायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून मी पाणी कमीच पिते, जास्त प्यायलं की उठावं लागतं.

दुसरं. "माय मशीन इज नायदर न्यू ऑर ओल्ड." आता तुला चक्कर येणार. पण मी आधीच लिहून बसले होते, आणि खाडाखोड केली तर कागद घाण दिसतो. कॉलरवाली म्हणाली, ना नवी ना जुनी, म्हणजे तुझ्यासारखीच.

तिसरं. "आय ईट फास्ट लेस्ट शी शुड स्लीप." शी म्हणजे गुंडी. जेवणाची शिट्टी झाली की मी चार घासांत डबा संपवते आणि वर पळते. उशीर झाला तर ती झोपलेली असते, मग तिचं तोंड बघायचं संध्याकाळी.

चौथं. "नायदर आय कॅन गो अप नॉर शी कॅन कम डाऊन." हे मी मशीनवर बसल्या बसल्या केलं. एका बाहीची काजं होईपर्यंत जमलं.

बरोबर आहे का सांग.

धाकटी


३० जून

धाकटे,

पहिल्यात अनलेसचं पोट फोडलंस. "अनलेस द व्हिसल ब्लोज", बास. दुसऱ्यात ऑर. मी पाणी प्यायले आणि पुढे वाचलं. तिसरं एकदम बरोबर, शाब्बास. छापखान्यातल्या बी.ए. झालेल्या पोरांना लेस्ट जमायचा नाही.

चौथं वाक्य सगळ्यांत देखणं. एकच खोट. नायदरनं वाक्य सुरू झालं की "कॅन" उडी मारून पुढे येतो. "नायदर कॅन आय गो अप, नॉर कॅन शी कम डाऊन." मोठ्यानं म्हणून बघ, कसं तालात येतं. मी दोनदा म्हटलं. खालच्या भाडेकरूंनी वर येऊन विचारलं, बरं आहे ना म्हणून.

अशीच वाक्यं पाठवत जा.

मोठी मावशी


१२ ऑगस्ट

मावशी,

फार दिवस झाले. काम होतं. गुंडी बरी आहे, चार पावलं टाकते आणि बसते.

पाहुण्यांची तारीख ठरली. मी काय बोलायचं ते साहेबांनी सांगितलंय. पाहुणे पाळणाघर बघायला येतील तेव्हा मी तिथे उभं राहायचं आणि सांगायचं, की पाळणाघराचं दार कधीच बंद करून ठेवत नाहीत आणि कोणत्याही आईला मुलाकडे जायला अडवत नाहीत. शिट्टी म्हणाली इंग्रजी तू कर, तुझी मावशी आहे ना शिकलेली.

मी केलंय ते असं. "नर्सरी डोअर इज नॉट नेव्हर लॉक, अँड नो मदर इज नॉट स्टॉप."

नीट करून पाठव. लवकर.

मध्ये एकदा खाली इस्त्रीखात्यात धूर झाला होता. काही झालं नाही.

धाकटी


२० ऑगस्ट

धाकटे,

अगं बये! नॉट नेव्हर? दोन नाही एकमेकांच्या मानगुटीवर बसवलेस. याचा अर्थ झाला की दार बंद असतंच कधीकधी, आणि दुसऱ्या अर्ध्याचा अर्थ झाला की झाडून सगळ्या आयांना अडवतात! पाहुणे आल्या पावली परत गेले असते.

हे घे. "द नर्सरी डोअर इज नेव्हर लॉक्ड, नॉर इज एनी मदर एव्हर केप्ट फ्रॉम हर चाइल्ड."

नेव्हरनंतर नॉर कसा अलगद आला बघ. या वाक्यावर मी अख्खी सकाळ घालवली. "स्टॉप्ड" लिहिलं, खोडलं, "केप्ट" केलं. आता यात कोणाच्या बापाला चूक काढता येणार नाही. आरशासमोर उभी राहून म्हण. नॉरवर किंचित थांब.

तुझा कारखाना बरा दिसतो. आमच्या छापखान्यात बाया लेकरांना फाटकाबाहेर बाकावर बसवून यायच्या.

धूर कसला, शेगडीचा का?

मोठी मावशी


२९ ऑगस्ट

मावशी,

तुझं वाक्य आलं. पाठ झालं. शिट्टीला म्हणून दाखवलं तर ती खूश झाली, साहेबांना बोलावून परत म्हणायला लावलं. साहेब म्हणाले, व्वा.

घरी आले आणि गुंडीला कुशीत घेऊन रडले. आणि आता मला तुझा राग आलाय, म्हणून लिहितेय. तुझ्यावर रागवायची माझी ऐपत नाही, पण आलाय.

तू माझं काही वाचलंस का गं? नायदर कॅन आय गो अप. तालात येतं म्हणालीस. ती वर कोंडलेली आहे मावशी. आणि तू म्हणतेस मोठ्यानं म्हणून बघ.

पाळणाघराच्या दाराला लॅच आहे. नुसतं ओढलं की लागतं. बाहेरून किल्लीनंच उघडतं, आणि किल्ली एकच, शिट्टीच्या गळ्यात. आतून पूर्वी मूठ होती. मुलं सांभाळणारी आजी आहे ना, एखादं पोर फारच रडलं की ती दार उघडून त्याला आईकडे सोडायची. टार्गेट अपुरं पडायला लागलं. मग शिट्टीनं आतली मूठच काढायला लावली. तिथे पत्रा ठोकलाय, वरून रंग दिलाय. आता आजीलाही मुलांबरोबर आतच कोंडतात. जेवणाच्या सुट्टीत उघडतात आणि संध्याकाळी.

धूर शेगडीचा नव्हता. इस्त्रीखात्यात चिंध्यांच्या ढिगात तापलेली इस्त्री पडली. जिन्यातून धूर वर गेला. आम्ही सगळ्या आया मशीन सोडून पळालो. शिट्टी तेव्हा पलीकडच्या गोडाऊनमध्ये माल मोजत होती. किल्ली तिच्याबरोबर. आम्ही दार बडवतोय, आतून पोरं बडवतायत. कॉलरवालीनं खांदा मारला, तिचा खांदा अजून निळा आहे. आजी आतून म्हणत होती, "पोरींनो, तुम्ही रडू नका गं, तुमचं ऐकून हीपण रडतात." मला त्या सगळ्या रडण्यात माझीचं रडणं वेगळं ऐकू येत होतं. तुला नाही कळणार ते.

खाली मशीनमिस्त्रीनं पाणी मारून ढीग विझवला. काही झालं नाही, हे खरंच आहे. शिट्टी आली, दार उघडलं, आणि आम्हालाच झापलं, मशीन चालू ठेवून का आलात म्हणून.

आणि आता मी उभं राहून सांगायचं की दार कधीच बंद नसतं. माझं मोडकं वाक्य होतं तेव्हा ते तोंडात अडकायचं तरी. तू ते इतकं गुळगुळीत केलंस की घशातून सरळ बाहेर येतं. ऐकणाऱ्याला खरं वाटेल. मलाच खरं वाटायला लागलंय.

मी म्हणणार आहे ते वाक्य. नाही म्हटलं तर काम जाईल. गुंडीचे बाबा पंधरा पंधरा दिवस येत नाहीत, घर मीच चालवते. तू म्हणालीस ना, लेस्ट घाबरट शब्द आहे. मग मी सगळीच लेस्ट आहे, वरपासून खालपर्यंत.

परत लाल करून पाठवू नको.

धाकटी


५ सप्टेंबर

धाकटे,

लाल पेन गच्चीवरून फेकलं. खालच्या भाडेकरूंच्या कुंडीत पडलं, राहू दे तिथे.

तुझी सगळी पत्रं काढली आणि पहिल्यांदा वाचली. आमच्या धंद्यात शिकवतात की प्रुफवाल्यानं अक्षरं वाचायची, मजकूर वाचायचा नाही. मजकुरात शिरलं की चूक निसटते. मी तशीच वाचत गेले. तुझं पोर दाराआड होतं आणि मी कॅन कुठे हवा ते बघत होते. खोटं बोलणाऱ्यांना मी माझ्या हातानं इस्त्री करून दिली. यापुढे सांगायला तोंड नाही, म्हणून सांगत नाही.

काय करायचं ते मी तुला सांगणार नाही. काम तुझं, पोर तुझं, तोंड तुझं. पण हे ध्यानात ठेव. माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि मी एकटी आहे. काम गेलं तर गुंडीला उचल आणि गाडीत बस. पत्र टाकत बसू नको, कडी वाजव. नाही, कडी मला ऐकू येत नाही. दार लोट. उघडंच ठेवते आजपासून.

भीती वाटते म्हणतेस. वाटू दे. भिऊन पण पाय टाकता येतो, गुंडीला विचार.

वाक्य पाठवणार नाही. चुकीचं बोल, मोडकंतोडकं बोल.

मोठी मावशी


२४ सप्टेंबर

मावशी,

पाहुणे येऊन गेले. बस, आणि चष्मा लाव.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून ते मी ब्लाउजात घालून फिरत होते. "दार लोट" एवढंच डोक्यात. आणि एक दिवस काज पाडता पाडता सुचलं. काज म्हणजे काय गं, आधी गोल शिवण घालायची आणि मग मधोमध सुरी सोडायची. सुरी चुकली तर अख्खा शर्ट वाया. म्हणून सुरी सोडताना हात घट्ट ठेवायचा, घाबरला हात की चुकला.

मी फक्त दोघांना सांगितलं. कॉलरवालीला सांगितलं, की पाहुणे वर गेल्यावर कान वर ठेव. आणि मिस्त्रीला म्हटलं, त्या दिवशी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेव दादा. तो म्हणाला, "कशाला?" मी म्हटलं, "ठेव रे." तो म्हणाला, "ठेवतो बाई, पण माझं नाव घेऊ नको." मी म्हटलं, "तुझं नाव मला माहीत पण नाही, मिस्त्री."

पाहुण्यांच्या दिवशी पाळणाघर ओळखू येईना. नवी खेळणी, मुलांची तोंडं धुतलेली, भिंतीवर फुगे. आणि दार सताड उघडं! मोठ्या कुंडीचा टेकू लावून. शिट्टी मला म्हणाली, "वेणी नीट घाल आणि हस जरा, मयताला आल्यासारखी उभी राहू नको."

पाहुणे दोघं होते. एक उंच बाई, केस पांढरे, पायात सपाट चपला, आणि तिच्याबरोबर एक तरुण माणूस. साहेब पुढे, शिट्टी मागे. सगळे आत आले. मी दाराजवळ. आजीनं गुंडीला कडेवर घेतलं होतं. गुंडीनं मला बघितलं आणि हात पसरले. मी घेतलं नाही. घेतलं असतं तर तिथेच विरघळले असते.

साहेब म्हणाले, "टेल मॅडम."

मी म्हटलं. तुझं वाक्य. एक अक्षर चुकलं नाही. द नर्सरी डोअर इज नेव्हर लॉक्ड. मग नॉरवर थांबले, तू सांगितलं होतंस तसं. आणि तिथे थांबलेली असताना टाचेनं कुंडी सरकवली. कुंडी जड होती, पण मी रोज दिवसभर मशीनचा पायडल मारते. दार आपलं आपण फिरलं आणि टक् करून लागलं. मग उरलेलं वाक्य पुरं केलं. नॉर इज एनी मदर एव्हर केप्ट फ्रॉम हर चाइल्ड.

बाईसाहेब हसून "व्हेरी गुड" म्हणाल्या. खेळणी बघितली, आजीला नमस्कार केला, निघाल्या. हात दाराकडे गेला आणि तसाच हवेत राहिला. धरायला काही नाहीच! त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवलं. खिळ्यांवरचा रंग नखानं खरवडला. शिट्टी किल्ली घेऊन पुढे आली, आणि किल्ली घालणार कुठे? भोक बाहेरच्या बाजूला. मावशी, शिट्टीचं तोंड त्या वेळी तू बघायला हवं होतंस. स्वतःच्या पिंजऱ्यात स्वतःच!

साहेबांनी फाटकावर फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, साहेब, त्या दाराची किल्ली सुपरवायझर मॅडमकडेच असते. हे सगळं मोठ्यानं, कारण साहेबांचा फोन नेहमी मोठ्यानं असतो. मग ते माझ्याकडे वळून दातओठ खात म्हणाले, "कुंडी कोणी हलवली?" मी म्हटलं, "मी." भीती एवढी होती की खोटं सुचलंच नाही.

मग शिट्टीला काय वाटलं कोण जाणे, तिनं शिट्टी वाजवली. घाबरलं माणूस जे हातात असेल तेच करतं.

आणि पोरं उठली, मावशी. सगळी. ज्यांना चालता येतं ती चालत, बाकीची रांगत. गुंडी आजीच्या कडेवरून खाली घसरली. सगळी दाराशी गेली आणि तळहातांनी दार बडवायला लागली. रडत नव्हती, त्यांना वाटलं जेवणाची सुट्टी झाली, आया आल्या. मग मला दिसलं, आणि उंच बाईंनाही दिसलं, की दाराचा खालचा रंग गेलाय. पोरांचे हात पोचतात तेवढाच. फुगे लावले, पण तिथे रंग द्यायला विसरले.

बाई खाली वाकल्या, त्या उडालेल्या रंगावर हात ठेवला, आणि मला विचारलं. साहेबांना नाही, मला. "इज धिस डोअर लॉक्ड?"

साहेब मध्येच म्हणाले लॅच बिघडलंय, आजच बिघडलंय. बाईंनी मान वळवली नाही.

मी म्हटलं, "यस मॅडम. एव्हरी डे."

अनलेस नाही, नायदर नाही, काही नाही. एवढंच आलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं. माझ्याबरोबरच्या सगळ्या आया. कॉलरवाली पुढे. बाहेरून दारावर थाप पडली तर आतून साहेब ओरडले, "मशीन सोडून कशाला आलात?" कॉलरवाली बाहेरून म्हणाली, "शिट्टी वाजली साहेब. शिट्टी वाजली की यायचं असा नियम आहे."

बाहेर आया, आत पोरं, दोघांच्या थापा एकाच दारावर. उंच बाई मधे उभ्या. मिस्त्रीनं येऊन बाहेरून लॅच खोललं. बाहेर पडताना मुलांना वाट देऊन आधी आयांकडे जाऊ दिलं, मग स्वतः गेल्या. त्या दिवशी परत लॅच बसवलं नाही. अजूनही नाही.

मला वाटलं होतं तसंच झालं. संध्याकाळी साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नको. मी गुंडीला घेऊन घरी आले, बोचकं बांधलं. तुझ्याकडे यायचं म्हणून. मग सकाळी काय झालं कोणास ठाऊक, बोचकं तिथेच ठेवून गुंडीला काखेत मारलं आणि कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मी चुकीचं काही केलं नाही, तर मी का लपू? फाटकवाल्यानं आत सोडलं नाही. कॉलरवाली आली, माझ्याकडे बघितलं, आणि डबा मांडीवर घेऊन फाटकाबाहेरच बसली. फाटकवाला म्हणाला, "तुला नाही अडवलं, तू जा." ती म्हणाली, "ही आत नाही तर मी आत नाही." मग दुसरी बसली, मग बटणवाल्या दोघी. ज्यांना पोरं नाहीत त्यापण. जेवणाची वेळ होईपर्यंत रस्ता अडला, आणि मग कोणीतरी येऊन नुसतं फाटक उघडलं. आम्ही डबे उचलून आत गेलो.

चेकिंगचं टेबल मिळालं नाही. काजाच्याच मशीनवर आहे. शिट्टी माझ्या बाजूनं जाताना मान फिरवते. पाहुणे आमच्या कारखान्यात परत येतील की दुसरीकडे जातील, आणि मग आमचं काय, ते कोणाला माहीत नाही. भीती आहेच. ती रोज माझ्याबरोबर कामाला येते, फक्त आता मागे चालते.

पण गुंडी रडली की मी उठते. शिट्टीला विचारत नाही. वर जाते, दार ढकलते. लॅच होतं तिथे गोल भोक राहिलंय. गुंडी त्यातून बोट बाहेर काढून बसते आणि मी आले की ते बोट हलवते.

पत्रात चुका असतील. तपासू नको, मावशी. वाच.

तुझी धाकटी


१ ऑक्टोबर

धाकटे,

वाचलं.

मग चहा केला, तो गार झाला, परत वाचलं. दोन ठिकाणी वेलांटी चुकलीय ते दिसलं. हाताची बोटं वळवळली. हात मांडीखाली घेऊन बसले.

रविवारच्या गाडीनं निघतेय. बोचकं सोड, येऊ नको तू, मीच येते. कारखान्यात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत हे मला माहीत आहे. फाटकवाल्याला सांगून ठेव, एक बहिरी म्हातारी येणार आहे, तिला नाही म्हटलेलं ऐकू येत नाही.

मला ते भोक बघायचंय. गुंडीला सांग, बोट तयार ठेव.

मोठी मावशी